कैद्याने कैद्यांसाठी बांधलेली बराक

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमानातल्या कोठड्या येतात. ब्रिटनने स्वतःच्याच गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियात धाडले, तिथे मात्र सुरुवातीची तीसेक वर्षे बहुतेक कैदी रात्री कोणत्याही तुरुंगात नसत. समुद्रच पहारेकरी होता. सरकारला हवे होते ते त्यांचे हातपाय.

ही शिक्षा ऑस्ट्रेलियासाठी जन्मलेली नव्हती. १७१८च्या कायद्यानंतर ब्रिटन आपले गुन्हेगार अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत होते. तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि ती वाट बंद झाली. किरकोळ चोऱ्यांनाही फाशी सांगणारे कायदे होते, पण इतक्यांना फासावर चढवणे न्यायाधीशांनाही जड जाई. मग १७७६पासून थेम्स नदीत जुन्या जहाजांचे सांगाडे नांगरून त्यांत कैदी कोंबले गेले. तेही भरले. शेवटी मे १७८७मध्ये अकरा जहाजांचा ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी गाडिगल लोकांच्या जमिनीवर, न्यू साउथ वेल्स ही वसाहत सुरू झाली. पुढच्या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० माणसे अशी आणली गेली. त्यांत २५,०००च्या आसपास स्त्रिया होत्या.

यातलाच एक फ्रान्सिस ग्रीनवे. ब्रिस्टलचा वास्तुकार, धंद्यात दिवाळे निघाले आणि एका बांधकामाच्या करारात खोटा दस्तऐवज केल्याचा आरोप त्याने कबूल केला. १८१२मध्ये आधी फाशी, मग चौदा वर्षे हद्दपारी. 'जनरल ह्युइट' या जहाजातून तो १८१४मध्ये सिडनीला पोचला. त्या सफरीत रोगराईने तीसहून अधिक कैदी दगावले. चौकशी केली विल्यम रेडफर्नने, जो स्वतः नौदलातल्या बंडापायी शिक्षा होऊन आलेला डॉक्टर होता. कैदी जहाजांवर जाणकार डॉक्टर असलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह सरकारने पुढे मान्य केला.

ग्रीनवेचे नशीब असे की गव्हर्नर लॅकलन मॅक्वारीला शहर उभारायचे होते आणि हाताशी वास्तुकार नव्हता. १८१६मध्ये रोज तीन शिलिंगांवर त्याची सरकारी वास्तुकार म्हणून नेमणूक झाली. बंदराच्या तोंडावरच्या दीपगृहाने त्याला सशर्त माफी मिळवून दिली. सगळ्यांच्या हाती असे कसब कुठून असणार? बरेचसे शहरी चोर. त्यांना मेंढपाळ म्हणून किंवा जंगल तोडायला खाजगी जमीनदारांकडे नेमून देत. धनी माणुसकीचा निघाला तर पोटभर जेवण, नाहीतर उठसूट दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणार. धन्याला स्वतः चाबूक मारता येत नसे, पण दंडाधिकारी बहुधा शेजारचाच जमीनदार असे! पन्नास फटके ही सहज सुनावली जाणारी शिक्षा होती. वर्तन ठीक राहिले तर सात वर्षांच्या शिक्षेत साधारण चार वर्षांनी सशर्त मोकळीकीचे तिकीट ('टिकिट ऑफ लीव्ह') मिळे. मग ठरवून दिलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी कमावता येई. अशी तिकिटे पुढे १८५८नंतर अंदमानातही आली.

सिडनीत सरकारी कामावरच्या कैद्यांची एक वेगळीच मोकळीक होती. दुपारी तीनच्या सुमारास काम सुटले की उरलेला वेळ त्यांचा. ते द रॉक्स भागात भाड्याने राहत आणि भाडे भरण्यासाठी संध्याकाळी मजुरी करत. मॅक्वारीला यात दारू, चोऱ्या आणि वाया गेलेली मजुरी दिसत होती. त्याने सहाशे जणांसाठी हाइड पार्क बराक बांधायला सांगितली, आणि तिचा आराखडा काढला ग्रीनवेने. तीन मजली विटांची देखणी इमारत, बारा खोल्या, प्रत्येकीत दाटीवाटीने टांगलेल्या झोळ्या. १८१९मध्ये ती सुरू झाली आणि ग्रीनवेला पूर्ण माफी मिळाली. आपल्याच जातकुळीतल्यांची संध्याकाळ हिरावून घेणाऱ्या कामाचे ते बक्षीस होते, असे म्हणणे कठोर वाटेल, पण चुकीचे नाही. सिडनीजवळच्या पॅरामाटातली, स्त्री कैद्यांना ठेवून कामाला लावणारी 'फॅक्टरी'ही त्याचीच.

बराकीत कधीकधी ठरलेल्या संख्येच्या दुपटीने माणसे असत. गेल्या शतकात दुरुस्ती करताना जमिनीच्या फळ्यांखाली उंदरांनी बिळांत ओढून नेलेल्या चिंध्या निघाल्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कैद्याचा सदराही सापडला. सरकारी कागदांत कैद्याची उंची, व्यवसाय, अंगावरच्या खुणा सगळे नोंदलेले असे. त्याच्या कपड्याचा पोत मात्र उंदरांनी जपला.

ग्रीनवेचा चढता काळ फार टिकला नाही. लंडनहून आलेले चौकशी आयुक्त जॉन बिग यांना मॅक्वारीचा खर्चही खटकला आणि सुटलेल्या कैद्यांना दिलेला मानही. ही शिक्षा आहे, तिचा धाक वाटला पाहिजे, हा त्यांच्या अहवालांचा सूर होता. १८२२मध्ये ग्रीनवेला काढून टाकण्यात आले. १८३७मध्ये तो गरिबीत वारला. १९६६मध्ये त्याचा चेहरा दहा डॉलरच्या नोटेवर आला. दस्तऐवजांची बनवाबनवी करून शिक्षा भोगलेल्या माणसाचा चेहरा चलनावर!

न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे १८४०मध्ये थांबले. हाइड पार्क बराक १८४८मध्ये रिकामी झाली आणि तिथे ब्रिटन-आयर्लंडहून आलेल्या एकट्या तरुण मुलींना उतरवू लागले. व्हॅन डिमेन्स लँडमधली हद्दपारी १८५३मध्ये संपली. त्या बेटाला आपला लौकिक इतका नकोसा झाला होता की तीन वर्षांत त्याने टास्मानिया हे नाव घेतले. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र मजूर हवेच होते. तिथले शेवटचे कैदी जहाज १८६८च्या जानेवारीत फ्रीमँटलला लागले.