प्रॉप हवा खातोय की कॅव्हिटेशन होतंय?

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलच्या बोटवाल्यांमध्ये हे रोजचंच झालंय. थ्रॉटल दिला, मोटर किंचाळली, मागे नुसता फेस आणि बोट काही पळेना, की काठावरचं कोणीतरी लगेच म्हणतं कॅव्हिटेशन होतंय, प्रॉप (बोट ढकलणारा पाण्यातला पंखा) मोठा लाव. मग मोठा प्रॉप लागतो, करंट वाढतो, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) तापतो आणि मूळ दुखणं तिथंच राहतं, कारण बहुतेक वेळा ते कॅव्हिटेशन नसतंच, व्हेंटिलेशन असतं.

व्हेंटिलेशन म्हणजे प्रॉप बाहेरची हवा खातो. मे अखेरीस समुद्र खवळायला लागला की मांडव्याच्या लाँचमध्ये बसून बघा, मागची बाजू लाटेवर उचलली की इंजिनचा आवाज एकदम चढतो आणि परत बसतो, तसंच हे. सुरुवातीला, वळणावर, लाटेवर झटक्यात येतं आणि थ्रॉटल जरा सोडला की जातं.

कॅव्हिटेशनमध्ये बाहेरच्या हवेचा संबंधच नाही. पातं इतकं जोरात फिरतं की त्याच्या पाठीवरचा दाब कोसळतो आणि पाणी न तापताच उकळतं, 30 डिग्रीच्या पाण्यात (आपल्याकडे उन्हाळ्यात साधारण तेवढंच असतं) दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम 4 टक्क्यांवर आला की वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की ते फुटतात, मोठ्या जहाजांच्या प्रॉपला त्यानेच खड्डे पडतात. 1894 मध्ये पाण्यात उतरलेल्या चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया' या वाफेच्या टर्बाइनवरच्या बोटीला आधी स्पीडच मिळेना तो यामुळेच, मग एका शाफ्टचे तीन केले, प्रत्येकावर तीन प्रॉप, म्हणजे तोच जोर जास्त पात्यांवर वाटला, आणि 1897 मध्ये ती 30 नॉटच्या वर पळाली.

आपल्या बोटीत कॅव्हिटेशनची शंका घ्यायची ती हलखाली (बोटीच्या तळाखाली) पूर्ण बुडालेल्या छोट्या प्रॉपवर. 2000 केव्हीची (दर व्होल्टला 2000 आरपीएम) मोटर 3एसवर (तीन सेलची, साधारण 11.1 व्होल्टची बॅटरी) लोडशिवाय 22 हजार आरपीएमच्या आसपास जाते, तिथे थ्रॉटलबरोबर आवाज चढत जातो पण जीपीएसचा आकडा वाढत नाही. पात्याच्या पुढच्या कडेवरून हळूच नख फिरवा, बारीकसा खाचा लागला तरी कॅव्हिटेशन तिथून लवकर सुरू होतं. कड घासून सारखी करा, प्रॉप बॅलन्स करा, आणि गरज पडली तरच जास्त पात्याचा प्रॉप घ्या.

दोन्हीतला फरक ओळखायची माझी आवडती टेस्ट फुकट आहे. स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट धरणारा मागचा आधार) 2 मिमी खाली घ्या, बाकी कशाला हात लावू नका. पाण्यात एक हवेइतका दाब वाढायला साधारण 10 मीटर खोली लागते, त्यामुळे 2 मिमीने कॅव्हिटेशनला काडीचाही फरक पडत नाही, पण हवेची वाट बंद होऊ शकते. फेस कमी झाला, बोटीने पटकन वेग पकडला, म्हणजे व्हेंटिलेशनच होतं.

आणि हो, सरफेस ड्राइव्हवर हवा पूर्ण बंद करायच्या मागे लागू नका प्लीज. तिथे अर्धा प्रॉप मुद्दामच पाण्याबाहेर फिरतो, पात्यामागे हवा भरते आणि बुडालेल्या भागाचा ड्रॅग वाचतो. स्ट्रट फारच खाली गेला तर नाक दाबलं जातं, करंट वाढतो, टॉप स्पीड जातो. म्हणून टेस्ट झाली की अर्धा अर्धा मिमी वर आणत जा, सुरुवातीला पकड सुटायला लागली की एक पायरी खाली, आणि प्रत्येक रननंतर मोटर आणि ईएससी किती तापलेत ते बघा.