मिसळीतली मटकी आणि पत्रिकेतली तुळस

परवा शेजारच्या वहिनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. जाड खरबरीत कागद, त्यात काळे काळे ठिपके. मी म्हटलं कागदाला कीड लागलीय काय, तर म्हणाल्या, "अहो भाऊजी, तुळशीच्या बिया हायत त्यात, लग्न झालं की कुंडीत पुरायची." आमच्या राजारामपुरीत आता बारसं, वास्तुशांती सगळीकडं असल्याच पत्रिका.

माझ्या डोक्यात लगेच किडा. कागद करताना बी लगद्यात भिजली, मग वाळली, आणि आता परत भिजवली तर ती उगवणार कशी? कोल्हापूरचा माणूस मटकी बघून मोठा झालेला असतो, मोड आलेली मटकी उन्हात वाळवा आणि परत भिजवा, काही होत नाही, मेलेली असते ती.

गंमत इथंच आहे. बी उगवते तीन टप्प्यांत. पहिल्यांदा ती नुसतं पाणी ओढते. कोरडी बी पाणी ज्या ताकदीनं ओढते ती 100 मेगापास्कलच्या घरात जाते, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या शेकडो पट, आणि हे निव्वळ भौतिकशास्त्र आहे, मेलेली बीसुद्धा तशीच फुगते. दुसऱ्या टप्प्यात बाहेरून सगळं शांत, पण आत पेशी जाग्या होतात, मोडतोड झालेला डीएनए दुरुस्त होतो, मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, कामाला लागतात. तिसऱ्यात मूळ बाहेर येतं, त्यालाच आपण मोड म्हणतो. मूळ बाहेर यायच्या आधी वाळवली तर बी परत झोपते, नंतर वाळवली तर खेळ खलास. शेतकरी बी भिजवून, सावलीत सुकवून पेरतात ते याच भरवशावर.

आता झोपते म्हणजे काय? पाणी गेलं की पेशीतली प्रथिनं एकमेकांना चिकटून बिघडायला पाहिजेत, पण बी पिकताना आधीच तयारी करून ठेवते. सुक्रोज, रॅफिनोज असल्या साखरा पेशीत साठतात आणि पाणी उडालं की त्यांची काच होते, म्हणजे आतला सगळा कारभार काचेत थिजतो (चिक्कीचा पाक थंड झाल्यावर कडक होतो ना, तसलंच). सोबतीला पेशीला वाळताना सांभाळणारी लेआ नावाची प्रथिनं असतात, शास्त्रज्ञ लिऑन ड्यूर यांच्या गटानं ती 1981 मध्ये कापसाच्या बियांत पहिल्यांदा शोधली, आणि योगायोग बघा, हा हातकागद बऱ्याचदा कापसाच्या चिंध्यांचाच असतो. तर कागदवाल्यानं बी शेवटी घालायची, काही तासांत पाणी काढायचं, आणि गरम इस्त्री न फिरवता सावलीत वाळवायचं. एवढं सांभाळलं की झालं.

कुणीतरी विचारलं की मग आंब्याची नाहीतर फणसाची पत्रिका का नाही. आकार सोडा, त्या बियांना ही काच जमतच नाही, वाळल्या की मेल्या.

आणि हो, ग्रुपवर पत्रिकेच्या फोटोखाली "एक पत्रिका एक झाड, तुळस 24 तास ऑक्सिजन देते" फिरतंय. तुळस झाड नाही, झुडूप आहे, आणि ऑक्सिजन उजेड असेल तरच सुटतो, रात्री ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. शिवाय थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून बंदी असून पंगतीत पाण्याच्या इवल्या प्लास्टिक बाटल्या मांडायच्या आणि पत्रिकेत तुळस, हे पण आहेच. पत्रावळी काय वाईट होत्या?

लावायची असेल तर चमकीचा, वार्निशचा भाग फाडून टाका, उरलेल्याचे तुकडे करून रात्रभर भिजवा आणि मातीचा अगदी पातळ थर द्या, कारण तुळशीची बी मोहरीपेक्षा बारीक, तिच्याकडं शिदोरी कमी, खोल गेली तर उजेडापर्यंत पोचायच्या आधीच संपते. आणि पत्रिका वर्षभर दमट कपाटात ठेवू नका, ओल लागली की ती काच विरघळायला लागते.

माझ्या कुंडीत दहाव्या दिवशी चार रोपं दिसली. वहिनींचं मात्र वेगळंच. आजवर पत्रिकेवर गणपती म्हणून ती रद्दीत जायची नाही, पिंपळाच्या पारावर नाहीतर पंचगंगेत जायची, आता गणपती मातीत कसा पुरायचा म्हणून अडून बसल्या. शेवटी तेवढा चौकोन कापून देवघरात ठेवलाय. त्यात सहा बिया आहेत, मी मोजल्यात.