मारांडी आणि ॲकँथस: खाडीतले पान आणि खांबावरचे पान

जुन्या गोव्यातील इगर्जींच्या स्तंभशीर्षांवर आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेद्यांवर खोल चिरांचे, टोकाशी बाहेर वळलेले जे पान कोरलेले असते, त्याला ॲकँथस म्हणतात. तेथून जवळच, मांडवीच्या काठी खारफुटीच्या चिखलात वाढणाऱ्या काटेरी मारांडीचे शास्त्रीय नावही ॲकँथस इलिसिफोलियस असेच आहे. साहजिकच आपल्याच खाडीतले झुडूप कारागिरांनी वेदीवर नेले, असे म्हणण्याचा मोह होतो. अनुमान गोड आहे, पण बरोबर नाही.

कोरीव पानाचे मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरात आहे. तेथील ॲकँथस मॉलिस या जातीची पाने मोठी, तुकतुकीत, मऊ आणि बिनकाट्याची असतात. ॲकँथस स्पिनोससची पाने त्याहून अरुंद व काटेरी. कॉरिंथमधील एका मुलीच्या थडग्यावर ठेवलेल्या टोपलीभोवती हे झाड उगवले आणि ते पाहून कॅलिमॅकस या शिल्पकाराला स्तंभशीर्षाची कल्पना सुचली, अशी कथा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस सांगतो. कथा खरी असो वा नसो, कॉरिंथियन शीर्ष ग्रीसमधून रोमला, तेथून प्रबोधनकाळातील युरोपात आणि पुढे पोर्तुगीज अमदानीत गोव्याला आले. सतराव्या शतकातील सेंट कॅजेटन चर्चमध्ये ही धाटणी बाहेरही दिसते आणि आतही. तोवर त्या पानाची झाडापासून ताटातूट होऊन दोन हजार वर्षे होत आली होती. इथल्या ज्या पाथरवटांनी आणि सुतारांनी ते घडवले, त्यांच्यासमोर झाड नव्हे, नमुना असणार. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराच्या छतावर कमळ कोरणाऱ्याची गोष्ट वेगळी होती. ते फूल त्याच्या पाहण्यातले होते.

मारांडी ही अडुळसा, कोरांटी आणि कारवी यांच्या कुळातली. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले की तेथील १.७८ चौरस किलोमीटरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरात खारफुटी जवळून पाहता येते. कमरेएवढ्या या झुडपाचे पान जाड व ताठ असते आणि त्याच्या कडेचा प्रत्येक कोपरा काट्यात संपतो. शोषलेले मीठ ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते, म्हणून कोरड्या दिवसांत पानांवर पांढरे कण दिसतात. फिकट जांभळ्या फुलाला वरचा ओठ जवळजवळ नसतोच. खालचा मात्र रुंद पसरलेला असतो.

दोन्ही पानांतला फरक ओळखण्यासाठी काट्यांपेक्षा वळण पाहावे. कोरीव पानाच्या पाळ्या एकमेकींवर चढतात, त्यांच्या सांध्यांत छिन्नीने खोल खाचा घेतलेल्या असतात आणि शेंडा भाराखाली वाकावा तसा पुढे झुकतो. मारांडीचे पान असे झुकत नाही. शिवाय त्याची सुईसारखी टोके लाकडात टिकलीही नसती. सावलीतल्या मारांडीला पुष्कळदा बिनकाट्याची पाने येतात, पण त्यांच्या कडाही सरळ असतात, त्यामुळे ती वेदीवरच्या पानापासून आणखीच दूर जातात.