मिनिटाला हजार शब्द आणि अंगठ्याच्या नखाएवढी नजर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ताईचा एडिसनहून व्हिडिओ कॉल आला. न्यू जर्सीतल्या शाळा नुकत्याच सुटल्या होत्या. भाची सप्टेंबरात बारावीत जाणार आणि तिनं ए.पी. लिटरेचर घेतलंय. ए.पी. म्हणजे शाळेत असतानाच शिकायचा, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय. परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था मे महिन्यात घेते. पेपर तीन तासांचा. पहिल्या तासात कविता आणि गद्य उताऱ्यांवर ५५ बहुपर्यायी प्रश्न, उरलेल्या दोन तासांत तीन निबंध. त्यातला एक समोर दिलेल्या कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि एक स्वतः वाचलेल्या एखाद्या पूर्ण कलाकृतीवर. गुण १ ते ५. उतारे बहुधा आधी कधी न पाहिलेले, त्यामुळे आपल्याकडची गाइडं घोकून निभावण्याची सोय तिथे नाही.

म्हणून शाळेनं सुट्टीत वाचायला दोन कादंबऱ्या आणि कवितांची एक चळत दिली होती. आणि ताईनं, चांगले डॉलर मोजून, जलदवाचनाचा एक ऑनलाइन कोर्स घेऊन दिला होता. मिनिटाला हजार शब्द! फोनच्या पडद्यावर मधोमध एकेक शब्द चमकून जातो, आपण नुसतं बघत बसायचं.

"मामा, डोळे हलवायचेच नाहीत. डोळे हलवण्यात वेळ फुकट जातो, असं सांगतात ते."

हे ऐकलं आणि मला राहवेना. वाचताना डोळे का हलतात, हा माझा जुना आवडता विषय आहे. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस सांगतो.

हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुम्हाला या घडीला अगदी स्पष्ट दिसणारं जग साधारण तेवढंच आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मध्यभागी एक छोटासा खळगा असतो. जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचा. बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे खच्चून भरलेल्या असतात आणि कडेला जावं तशा त्या झपाट्यानं विरळ होतात. या खळग्याच्या अगदी मधल्या, दाट भागात जगाचा सुमारे दोन अंशांचा तुकडा मावतो. बाकीचं सगळं धूसरच, पण ते धूसर आहे हे आपल्याला कधी कळत नाही, कारण जिकडे बघावं तिकडे स्पष्टच दिसतं. खात्री करायची तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखून धरा आणि तीन ओळी खालचा शब्द वाचून दाखवा. जमत नाही.

पुस्तक डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरलं, तर तिथे एक अंश म्हणजे ७ मिलिमीटर. दोन अंश म्हणजे १४. नेहमीच्या इंग्रजी छपाईत तेवढ्यात सातेक अक्षरं बसतात. म्हणजे सबंध ओळ एका नजरेत वाचणं हे इच्छाशक्तीचं काम नव्हे, दृष्टिपटलाच्या रचनेतच ते बसत नाही. डोळ्याला ओळीवरून टुणटुण उड्या मारत जावंच लागतं. या उडीला शास्त्रज्ञ 'साकाद' म्हणतात. शब्द फ्रेंच. लगाम झटक्यानं ओढला की घोड्याला बसतो तो हिसका म्हणजे साकाद. १८७९ साली हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं तर पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून या उड्यांचा आवाज ऐकला होता. डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज, स्टेथोस्कोपनं छाती तपासावी तसा!

तुम्हाला नळ्या नकोत. वर्तमानपत्राच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा, मुलाला ती बाजू वाचायला द्या आणि मागून भोकातून त्याचे डोळे बघा. नजर वाहत नाही, ठेचकाळत जाते. थांबा, उडी, थांबा, उडी. थांबा सरासरी पाव सेकंदाचा. इंग्रजीत एक उडी सात-नऊ अक्षरांची आणि ती पार पडते जवळपास ३० मिलिसेकंदांत. उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून टाकतो, म्हणून आपल्याला जग हलताना दिसत नाही. आरशासमोर उभे राहून आधी स्वतःच्या डाव्या आणि मग उजव्या डोळ्यात बघा. समोरच्याला तुमची बुबुळं सरकलेली दिसतील, तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

इथवर सोपं आहे. पुढचा परिच्छेद जरा दमानं घ्या, नाहीतर सरळ उडी मारा.

थांबा असतो २२५-२५० मिलिसेकंदांचा. डोळ्यानं टिपलेलं मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत पोचायला सुमारे ६० मिलिसेकंद जातात. पुढची उडी कुठे मारायची ते ठरवून स्नायूंना हुकूम सोडायला आणखी सव्वाशे-दीडशे. बेरीज करून बघा. शब्द ओळखायला हातात उरतात जेमतेम चाळीस-पन्नास मिलिसेकंद, आणि तेवढ्यात शब्द ओळखून होत नाही. मग हा हिशेब जुळतो कसा? तर शब्दावर पोचण्याआधीच त्याची ओळख सुरू झालेली असते. नजर या शब्दावर आणि कोपऱ्यातून चोरून पाहणं पुढच्या शब्दाकडे. हे सिद्ध केलं मॅककॉन्की आणि रेनर या दोघांनी, १९७५ साली. संगणकाला जोडलेल्या यंत्रानं वाचकाची नजर कुठे आहे ते क्षणोक्षणी पकडायचं आणि नजरेभोवतीची काही अक्षरं सोडून बाकी सगळीकडे फुल्या भरायच्या. नजर हलली की ती खिडकीही हलायची. खिडकी लहान-मोठी करून कळलं की इंग्रजी वाचकाला डावीकडची तीन-चारच अक्षरं लागतात, पण उजवीकडची चौदा-पंधरा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे ही खिडकी बरोबर उलटी झुकते. म्हणजे हा झुकाव डोळ्याचा नव्हे, लिपीच्या सवयीचा. (मोडीत दोन शब्दांत मोकळी जागाच सोडत नाहीत. जुने कारकून वाचताना पुढचा शब्द कुठे हेरत असतील, हे कोणीतरी मोजायला हवं होतं. आता मोजायला अस्खलित मोडी वाचणारे किती उरलेत?)

आता त्या फोनवरच्या कोर्सकडे वळू. एकेक शब्द मधोमध चमकवला की काय होतं? पुढचा शब्द हेरता येत नाही. आणि, साहित्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनं त्याहून वाईट, मागे जाता येत नाही.

आपल्या उड्यांपैकी शंभरात दहा-पंधरा उड्या उलट्या असतात. डोळा आधी वाचलेल्या शब्दावर परत जातो. जलदवाचनवाले याला वाईट खोड म्हणतात. मी भाचीला मराठीतलं एक वाक्य लिहून पाठवलं.

"आईने लिहिलेलं पत्र वाचणाऱ्या मुलीला हाक मारली."

पहिल्या तीन शब्दांत तुम्ही ठरवून टाकता की पत्र आईनं लिहिलंय. वाक्याच्या शेवटी 'हाक मारली' येतं आणि प्रश्न पडतो, कोणी मारली? कर्ता शोधायला डोळा गपकन मागे जातो, 'आईने' सापडते आणि वाक्य पुन्हा बांधलं जातं. हाक आईनं मारली. मग पत्र कोणाचं? ते कळतच नाही. आता हेच वाक्य शब्द-शब्द करून चमकलं असतं तर? शॉटर, ट्रान आणि रेनर यांनी २०१४ साली काहीसा असाच प्रयोग केला. वाचून झालेला शब्द लगेच झाकून टाकायचा, मागे गेलं तरी फुल्याच. समज घटली. फसव्या वाक्यांचीच नव्हे, साध्या वाक्यांचीही.

कवितेत तर कवी अशी वाक्यं मुद्दाम बांधतो. चौदा ओळींच्या सुनीतात बाराव्या ओळीपर्यंत एक अर्थ लावत न्यायचं आणि तेराव्या ओळीत पायाखालचा गालिचा ओढायचा, हा त्यातला जुना डाव. पेपरातले प्रश्नही हटकून त्या वळणावरच बसलेले. तिथे मागे न जाणारा डोळा काय कामाचा?

कोर्सची दुसरी शिकवण, मनातल्या मनात उच्चार करू नका. पण मनातला आवाज बंद केला की आकलन घसरतं, हे प्रयोगांत दिसलंय. आणि कवितेत लय, यमक, अनुप्रास हे त्या आवाजाशिवाय ऐकायचे कशानं?

हे खूळ नवं नाही. युटातल्या एव्हलिन वुड या शिक्षिकेनं १९५९ साली वॉशिंग्टनमध्ये जलदवाचनाचे वर्ग काढले. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना जिमी कार्टर यांनीही व्हाइट हाउसमध्ये ते शिकून घेतलं. पण २०१६ साली रेनर आणि सहकाऱ्यांनी आजवरचं सगळं संशोधन चाळून काढलेला निष्कर्ष कोरडा आहे. वेग आणि समज यांत सौदा होतो, एक वाढवलं की दुसरं घटतं. वरवर चाळणं हे कामाचं कौशल्य आहेच, बिलं आणि सोसायटीची इतिवृत्तं मीही चाळतोच. फक्त त्याला वाचन म्हणू नये.

अमेरिकेला हसायचं कारण नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे 'मिड ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चं पेव फुटलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं पुस्तक वाचून दाखवत आणि पालक हजारो रुपये भरत. प्रकाश दृष्टिपटलावर पडल्याशिवाय अक्षर दिसत नाही, मेंदूचा कुठलाही भाग जागा करा. पोरं नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून बघायची, म्हणून तर पुस्तक नेहमी खाली आणि मान किंचित वर. नाकाशेजारची फट नीट बुजवली की तिसरा डोळा मिटायचा.

ताईचं म्हणणं होतं, वेळ कुठे आहे? म्हणून मी आकडेमोड केली. प्रौढ माणूस इंग्रजी कादंबरी मनात वाचताना मिनिटाला अडीचशेच्या आसपास शब्द वाचतो. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी धरा. ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. दोन कादंबऱ्यांना जवळपास पावणेअकरा तास. सुट्टी दहा आठवड्यांची, म्हणजे सत्तर दिवस. रोज नऊ-दहा मिनिटं! एवढ्याशा वेळातून बचत कसली करायची? भाचीनं नुसता फोन किती वेळ हातात असतो ते तपासलं आणि आकडा सांगायचं टाळलं.

वेळ खरा लागतो वाचून झालेलं टिकवायला, आणि तिथे एक स्वस्त युक्ती आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे गद्य उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चित्र उलटलं, ४२ विरुद्ध ५६. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण ओळखीलाच आठवण समजतो. म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि वहीत लिहायचं, कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, कुठली वस्तू दुसऱ्यांदा आली. तिसऱ्या निबंधात पुस्तक हाताशी नसतंच. तिथे जे वापरायचं ते डोक्यातूनच काढायचं असतं.

गेल्या रविवारी भाचीनं कॉलवर एक कविता लॅपटॉपच्या कॅमेऱ्याखाली चिकटवून वाचली. मी तिचे डोळे मोजत होतो. बरेचसे हिसके उजवीकडे, ओळ संपली की एक लांब झेप डावीकडे. शेवटून दुसऱ्या ओळीवर नजर थबकली आणि एकदम चार-पाच ओळी वर गेली. तिथे रेंगाळली. पुन्हा खाली आली.

"थांब मामा," ती म्हणाली, "ही बाई जिवंत नाहीये ना?"

मी ती कविता वाचलेली नव्हती. पाठव म्हटलं.