पहिली-दुसरीत शाळा बुडाली तर काय बिघडतं?

‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत, मग लहान वर्गात चार दिवस बुडाले तर काय झालं?’ ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या ऐरोलीपर्यंत पालकांच्या बोलण्यात हे कायम ऐकू येतं. ते खरं नाही. 2023 च्या नियमबदलानंतर महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही मूल नापास झालं तर त्याच वर्गात बसतं.

पण खरं नुकसान त्याच्या खूप आधी होतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं असतं, म्हणजे दिवसाला सरासरी 4 तास. महिन्याला 2 दिवस बुडाले की वर्षाचा दहावा हिस्सा गेला. रोज 10 मिनिटं उशीर म्हणजे वर्षाचे 33 तास, आठ दिवसांची शाळा! त्या 10 मिनिटांत बाई फळ्यावर ‘क, का, कि, की’ म्हणून घेत असतात. उशिरा आलेलं मूल दप्तरातून वही काढेपर्यंत वर्ग ‘कु’वर पोचलेला असतो. बाराखडी अशी मधेच तुटली की वाचन अडखळतं, आणि मग मूल शाळेत जायलाच कुरकुरतं.

‘शाळाच फार लवकर भरते’ ही सबबही आता बरीच सैल झालीय. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलंय. ठाण्यात कापूरबावडीला होणारी वाहतूक कोंडी धरूनच घरातून निघा. ताप असेल तर मात्र मुलाला घरीच ठेवा आणि बुडालेला पाठ बाईंना विचारून करून घ्या.