वेबपी कोअरबाहेर का राहिले? वर्डप्रेसमधील एका निर्णयाची पार्श्वभूमी

वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे काही घ्यायचे की नाही, यासाठी एक जुना ठोकताळा आहे: ज्या सोयीचा 80 टक्के किंवा त्याहून अधिक वापरकर्त्यांना उपयोग होईल तीच कोअरमध्ये, म्हणजे सर्वांना मिळणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये; बाकी सगळे प्लगइनमध्ये, म्हणजे हवे त्याने वेगळ्या बसवायच्या जोडणीत. प्लगइनची व्यवस्था 2004 च्या 1.2 आवृत्तीपासून आहे, त्यामुळे ‘नाही’ म्हणणे सोपे झाले. पुढे नवी कल्पना आधी प्लगइन म्हणून वापरून पाहायची आणि टिकली तर कोअरमध्ये आणायची, ही रीत पडली. 2013 च्या 3.8 मधले नवे डॅशबोर्ड याच वाटेने आले. 2018 मध्ये 5.0 सोबत ब्लॉक एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-मांडण्याची नवी पद्धत, हाही तसाच आला. त्याच्यावरून झालेला वाद सर्वांना आठवत असेल.

वेबपीवरून झालेला 2022 चा वाद त्यापेक्षा कमी गाजला, पण या प्रश्नाचे मर्म त्यातच अधिक स्पष्ट दिसते.

वेबपी हा जेपेगपेक्षा लहान फाइल देणारा चित्रप्रकार. त्यातली चित्रे अपलोड करण्याची सोय 5.8 मध्ये, 2021 साली आली होती. पुढचा प्रस्ताव असा: वापरकर्त्याने जेपेग चढवले, तरी वर्डप्रेसने त्याच्या लहान-मोठ्या प्रती आपणहून वेबपीमध्ये कराव्यात. फाइल लहान झाली की पान लवकर उघडते. हे काम 6.1 साठी कोअरमध्ये दाखलही झाले होते.

आक्षेप खरे होते. एका चित्राच्या आधीच अनेक मापांच्या प्रती बनतात. जेपेग आणि वेबपी दोन्ही ठेवायचे तर फाइलींची संख्या जवळपास दुप्पट होते. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर असतात तिथे, जागा मोजून मिळते. जुन्या ब्राउझरांचा प्रश्न होता, शिवाय उतरवून घेतलेली वेबपी फाइल अनेक संगणकांवर सहज उघडत नव्हती. फाइलींची संख्या आटोक्यात ठेवायला दुसरी प्रत ठराविक मापांपुरतीच करण्याचा बदलही झाला. तरी सप्टेंबर 2022 मध्ये प्रकल्पाच्या प्रमुखांनी हे प्लगइन म्हणूनच असावे असे सुचवले आणि बीटा (चाचणीची आवृत्ती) निघण्याआधी तो कोड काढून टाकला गेला.

इथे 80 टक्क्यांचा ठोकताळा अपुरा पडतो. तो साइट चालवणाऱ्याला काय हवे ते विचारतो. पान उघडणाऱ्याला मोजतच नाही. आपल्याकडच्या एखाद्या लहान मराठी साइटचा वाचक मोबाइल डेटावर असतो, आणि ती चालवणारी व्यक्ती चित्रांचे प्रकार बदलणारे प्लगइन शोधायला जाणार नाही. ज्यांना त्याची माहिती आहे, त्यांनी चित्रे आधीच हलकी केलेली असतात. म्हणजे प्लगइनमध्ये ठेवलेली सोय सर्वाधिक गरज असलेल्यांपर्यंतच पोचत नाही. डिस्कची जागा महत्त्वाची होतीच, पण तिला वाचकापेक्षा जास्त वजन मिळाले.

‘प्लगइनमध्ये पाठवले’ याचा अर्थही त्यातून बदलला. पूर्वीचे असे प्लगइन कोअरमध्ये येण्याआधीचा टप्पा होते. आता प्रकल्पाने स्वतः सांभाळलेले, पण कायम बाहेर राहू शकणारे ‘कॅनॉनिकल’ प्लगइन ही कल्पना, जी 2009 मध्येच मांडली गेली होती, पुन्हा पुढे आली.

एप्रिल 2024 च्या 6.5 मध्ये एव्हीआयएफ हा आणखी एक नवा चित्रप्रकार आला, तोही अपलोडपुरताच. मात्र त्याच वर्षीच्या 6.7 ने आयफोनचे एचईआयसी फोटो, सर्व्हरला जमत असेल तर, न विचारता जेपेगमध्ये बदलायला सुरुवात केली.