वाइड रिसीव्हर : रुकी ड्राफ्ट आणि फ्री एजन्सी

एनएफएलमधे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधे, संघाला वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला उभा राहून लांब पळत जाऊन क्वार्टरबॅकचा (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा) पास झेलणारा खेळाडू हवा असला की मुख्य मार्ग दोन : एप्रिलच्या ड्राफ्टमधून (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून) कॉलेजचा पोरगा, म्हणजे रुकी, उचलायचा, नाहीतर मार्चमधे करार संपलेला अनुभवी फ्री एजंट घ्यायचा.

ड्राफ्टच्या सुरुवातीबद्दल वाद नाही. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेलने कल्पना मांडली आणि फेब्रुवारी १९३६ मधे पहिला ड्राफ्ट झाला. फ्री एजन्सी नक्की कधीपासून धरायची यावर मात्र एकमत नाही. काही जण १९६२ धरतात, कारण तेव्हा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाचा आर. सी. ओवेन्स, जो उंच फेकलेला बॉल बचावपटूंच्या डोक्यावरून उडी मारून काढायचा आणि त्या झेलाला 'ॲली ऊप' म्हणायचे, तो आपलं ऑप्शनचं वर्ष (करारानंतर संघाला खेळाडू आणखी एक वर्ष ठेवता यायचा ते) खेळून मोकळा झाला आणि सरळ बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेला. मालक हादरले आणि १९६३ मधे रोझेल नियम आला : खेळाडू घेणाऱ्याने जुन्या संघाला भरपाई द्यायची, दोघांचं जमलं नाही तर ती लीगचा प्रमुख, म्हणजे कमिशनर पीट रोझेल ठरवणार. १९६८ मधे डेव्ह पार्क्स सेंट्सकडे गेला तेव्हा रोझेलने फोर्टीनायनर्सना सेंट्सनी पहिल्या फेरीत निवडलेला केव्हिन हार्डी दिला, वर पुढच्या वर्षीची पहिली निवडही, मग कोण कशाला हात घालेल? ओवेन्स आणि पार्क्स दोघंही रिसीव्हरच, हे सहसा कुणी सांगत नाही. १९७६ मधे खेळाडूंनी लीगविरुद्ध लढलेल्या मॅकी खटल्यात कोर्टाने नियम बेकायदा ठरवला, पण लीग आणि खेळाडू संघटनेच्या १९७७ च्या करारात भरपाई वेगळ्या रूपात परत आलीच. त्यामुळे खरी सुरुवात १९९३ ची, करार संपलेल्या अनुभवी खेळाडूला भरपाईशिवाय संघ बदलता यायला लागला तेव्हाची, मानणं जास्त पटतं.

१९९४ मधे सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा) आली आणि २०११ च्या करारात रुकींचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरूनच गेले, तिथून पारडं ड्राफ्टकडे झुकलं. २०२० मधे वायकिंग्सनी स्टीफॉन डिग्ज बिल्सला दिला, बदल्यात मिळालेल्या २२ व्या निवडीवर जस्टिन जेफरसन घेतला, त्याने पहिल्याच सीझनला ८८ झेल आणि १,४०० यार्ड (झेलांमधून पुढे नेलेलं अंतर) काढले, तेही चार वर्षांच्या साधारण १.३ कोटी डॉलरच्या करारात. २०२४ मधे त्याच जेफरसनसाठी वायकिंग्सना चार वर्षांचे १४ कोटी डॉलर मोजावे लागले. उलट जायंट्सनी २०२१ मधे फ्री एजंट केनी गोलाडेला चार वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचा करार दिला, दोन सीझनमधे टचडाउन (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेला स्कोअर) एकच.

ड्राफ्टमधेही फसगत होतेच. वायकिंग्सनीच २०१६ मधे २३ व्या निवडीवर घेतलेल्या लाक्वान ट्रेडवेलने पहिल्या सीझनला एकच झेल घेतला, आणि २०२३ मधे पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर रॅम्सनी घेतलेल्या पुका नाकुआने १,४८६ यार्डांचा रुकी विक्रम केला. तरी फ्री एजन्सीची मोठी अडचण वेगळीच आहे : अव्वल रिसीव्हर बाजारात क्वचितच येतो, त्याचा संघ आधीच करार वाढवतो, फ्रँचायझी टॅग (संघाने एकतर्फी दिलेला एका वर्षाचा करार) लावून वर्षभर अडकवतो, नाहीतर डिग्जसारखा ट्रेड करून टाकतो.